व्हर्दून बघून आलो, पण मुलाच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही

मुक्ता_मेट्झ :
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली दोन वर्षं आम्ही फ्रान्समध्ये मेट्झला राहतो. व्हर्दून, म्हणजे पहिल्या महायुद्धात फ्रेंच आणि जर्मनांची मोठी लढाई झाली ते शहर, इथून गाडीने तासाभरावर आहे, पण जाऊ जाऊ म्हणत राहूनच जात होतं, मागच्या रविवारी शेवटी गेलो.

रस्ता जंगलातून जातो आणि आधी काही वेगळं वाटतच नाही, झाडं, धुकं, ओला पाचोळा. पण गाडीतून उतरून झाडांच्या बुंध्यांकडे नीट बघितलं की लक्षात येतं, जमीन कुठेच सपाट नाहीये. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी, खड्ड्याला लागून खड्डा, त्या खड्ड्यात अजून एक खड्डा, आणि सगळ्यावर हिरवंगार शेवाळ. शंभर वर्षांच्या वर झाली तरी ती जमीन तशीच आहे.

दुओमोंला अस्थिगृह आहे, लांबलचक दगडी इमारत आणि मधोमध उंच मनोरा. इमारतीच्या मागच्या बाजूला जमिनीलगत छोट्या खिडक्या आहेत, काच लावलेल्या, वाकून आत बघायचं. मला वाटलं आत काही मूर्ती वगैरे असेल. आत हाडं आहेत हो. काही खिडक्यांत नुसता ढीग, तर एका खिडकीत मांडीची हाडं पावसाळ्याआधी सरपण रचतात तशी रचलेली. ओळख न पटलेले साधारण १ लाख ३० हजार सैनिक तिथे आहेत, दोन्ही बाजूंचे एकत्रच. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, तो काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, आई, यातले फ्रेंच कुठले आणि जर्मन कुठले?

मला काही बोलताच आलं नाही. परत येताना गाडीत पण कोणी बोललं नाही.

आता मला हे नीट समजून घ्यायचंय. दहा महिने लढाई चालली, शेवटी रेषा जवळपास होती तिथेच, मग जर्मनांना तिथे हवं तरी काय होतं? आणि पहिल्या महायुद्धात एवढ्या लढाया झाल्या तरी फ्रेंच लोक व्हर्दूनचंच नाव एवढ्या हळवेपणाने का घेतात? आमच्या शेजारच्या आजींना नुसतं सांगितलं की आम्ही व्हर्दूनला जाऊन आलो, तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, माझे आजोबा तिथे होते.

शिलेदार_७१ :
मुक्ताताई, फार आतून लिहिलंत. माझं या विषयावरचं वाचन बऱ्याच वर्षांचं आहे, जमेल तसं सांगतो, जरा लांबेल.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. १९१४ च्या शेवटी पश्चिम आघाडी खंदकांत रुतली तेव्हा व्हर्दूनचा भाग फ्रेंचांच्या बाजूने जर्मन रेषेत घुसलेल्या नाकासारखा पुढे राहिला होता, म्हणजे तीन बाजूंनी जर्मन. जर्मनांचं रेल्वेचं जाळं पाठीशी अगदी जवळ आलेलं आणि फ्रेंचांचे व्हर्दूनला येणारे दोन मोठे रेल्वेमार्ग, एक तुटलेला आणि दुसरा तोफेच्या टप्प्यात. राहिली काय तर मीटर गेजची एक छोटी गाडी आणि एक रस्ता. हल्ला करायला यापेक्षा सोयीची जागा मिळणं कठीण.

बरं, भोवती किल्ले होते, दुओमों तर त्या काळातला सगळ्यात मजबूत समजला जाणारा. पण १९१४ मध्ये बेल्जियमचे किल्ले जर्मनांच्या अवजड तोफांपुढे पटापट पडले ते बघून फ्रेंच सेनापती जोफ्रने ठरवलं की किल्ल्यांचा काळ संपला, आणि १९१५ मध्ये व्हर्दूनच्या किल्ल्यांवरच्या तोफा काढून दुसऱ्या आघाड्यांवर पाठवल्या. तिथे एक लेफ्टनंट कर्नल द्रियां म्हणून होता, खासदारही होता तो, त्याने पॅरिसला कळवलं की इथे ना पुरेसे खंदक आहेत ना तारा आहेत ना माणसं, हल्ला आला तर आपण थांबवू शकणार नाही. वरच्यांना राग आला त्याचा, वरिष्ठांना डावलून परस्पर तक्रार केली म्हणून. २१ फेब्रुवारी १९१६ ला सकाळी बाराशेच्या वर तोफा एकदम सुरू झाल्या आणि हा द्रियां आपल्या दोन बटालियन घेऊन कोर नावाच्या जंगलात, अगदी तोंडावर होता. दुसऱ्या दिवशी तिथेच मारला गेला. त्याच्या बाराशे माणसांनी एक दिवस रोखून धरलं आणि तो एक दिवस फार कामाचा ठरला.

हल्ला खरं तर १२ तारखेला व्हायचा होता, पण बर्फ आणि धुकं इतकं की जर्मन तोफखान्याला समोरचं दिसेना, नऊ दिवस थांबावं लागलं. तेवढ्यात फ्रेंचांची थोडी तरी कुमक पोचली. १२ लाच झाला असता तर व्हर्दून पडलंच असतं असं माझं मत.

आणि दुओमों किल्ला? २५ तारखेला एक जर्मन तुकडी भिंतीपाशी पोचली आणि तोफेच्या झरोक्यातून आत शिरली. आत पन्नास-साठ वयस्कर राखीव सैनिक, बाकी किल्ला रिकामा. त्याच रात्री फ्रेंच जनरल पेतांकडे व्हर्दूनच्या बचावाची सूत्रं दिली गेली.

अभि_९४ :
पण काका, जर्मन सेनापती फाल्कनहाइनला व्हर्दून घ्यायचंच नव्हतं ना? फ्रान्स अभिमानापोटी एकेक सैनिक तिथे आणून ओतेल आणि रक्त वाहून वाहून मरेल, असाच प्लॅन होता असं सगळीकडे सांगतात. मी जेवढे व्हिडिओ बघितलेत त्या सगळ्यांत हेच आहे.

शिलेदार_७१ :
अभि, हे मीही वीस वर्षं असंच सांगत होतो, म्हणून तुला मुद्दाम सविस्तर लिहितो. फाल्कनहाइनने युद्धानंतर आठवणी लिहिल्या, त्यात तो म्हणतो की १९१५ च्या नाताळात मी कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, एक टिपण दिलं आणि त्यात फ्रान्सचं रक्त काढायची कल्पना मांडली. ते टिपण आजवर कुठल्याही दप्तरात सापडलेलं नाही. उलट ज्या पाचव्या आर्मीने हल्ला केला, ज्याचा प्रमुख खुद्द जर्मन युवराज होता, ती तर शहर घ्यायच्याच तयारीने निघाली होती. म्हणून बऱ्याच इतिहासकारांना वाटतं की शहर हाती लागलं नाही तेव्हा मागाहून हे बोलणं पुढे आलं, की आम्हाला ते नकोच होतं. फ्रेंचांना झिजवायचा विचार त्याच्या डोक्यात अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही, मोक्याच्या टेकड्या घ्यायच्या आणि मग फ्रेंचांना प्रतिहल्ले करून मरू द्यायचं, असं काहीसं असावं.

पण घडलं काय ते बघ. त्याने राखीव फौज हातची सोडली नाही आणि हल्ला फक्त म्यूज नदीच्या उजव्या तीरावर केला. डाव्या तीरावरच्या टेकड्यांवरून फ्रेंच तोफा जर्मनांना कुशीतून झोडपायला लागल्या. मग मार्चमध्ये त्या टेकड्यांवर हल्ला. एकीचं नाव मोर ओम, म्हणजे मेलेला माणूस, आणि हे नाव लढाईच्या आधीपासूनच आहे. शेजारची टेकडी ३०४, म्हणजे उंची ३०४ मीटर, ती मारा खाऊन खाऊन काही मीटरने बुटकी झाली. एक टेकडी घेतली की ती राखायला पुढची हवी, असं करत जर्मन स्वतःच त्या घाणीला जुंपले गेले.

आकडे सांगतो, यात थोडा फरक पडतो पण साधारण हेच धरतात: मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून फ्रेंच ३ लाख ७७ हजार, जर्मन ३ लाख ३७ हजार. त्यातले मेलेले दोन्हीकडचे मिळून ३ लाखांच्या घरात. ज्याचं रक्त काढायचं होतं त्याच्याइतकंच काढणाऱ्याचं गेलं. ऑगस्टअखेर फाल्कनहाइनची गच्छंती झाली, त्याच्या जागी हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ हे सेनापती आले आणि त्यांनी हल्ले थांबवले. २४ ऑक्टोबरला फ्रेंचांनी दुओमों परत घेतला, त्यात मोरोक्कोच्या वसाहती रेजिमेंटबरोबर सेनेगल आणि सोमालीलँडचे सैनिक होते, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. डिसेंबरच्या मध्याला सगळं थंडावलं. ताई, रेषा होती तिथेच म्हणालात ते जवळपास खरं आहे.

खडी_डांबर :
मी रस्त्याच्या कामात २६ वर्षं काढली, त्यामुळे मला या सगळ्यात त्या रस्त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. शिलेदारकाकांनी एका ओळीत सोडून दिला.

बार-ल-द्युक ते व्हर्दून असा हा रस्ता. रुंदी साधारण सात मीटर, म्हणजे समोरासमोरून दोन ट्रक कसेबसे जातील एवढी. डांबर नाही, नुसता खडीचा रस्ता, आणि हल्ला सुरू झाल्यावर आठवडाभरात बर्फ वितळला. ज्याने पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर डंपर चालताना बघितलाय त्याला सांगायला नको काय झालं असेल. त्यात त्या काळचे ट्रक म्हणजे भरीव रबराची चाकं, हवेचे टायर नाहीत, ती चाकं रस्ता अक्षरशः दळून काढतात.

रस्ता बंद ठेवून दुरुस्ती करायला वेळ नव्हता, रोलर फिरवायला जागा नव्हती. मग त्यांनी काय केलं, तर रस्त्याच्या कडेलाच दगडाच्या खाणी उघडल्या आणि वयस्कर राखीव सैनिक दोन्ही कडांना फावडी घेऊन उभे केले. दोन गाड्यांच्या मधे जी फट मिळेल त्यात फावडंभर खडी चाकाखाली टाकायची, आणि पुढचा ट्रक तीच खडी दाबून पुढे जाणार. म्हणजे ट्रक हाच रोलर. रात्रंदिवस. गर्दीच्या काळात दर १४ सेकंदांना एक गाडी जात होती. १४ सेकंद म्हणजे किती ते घड्याळ लावून बघा, एक फावडं भरून टाकून मागे सरकायला तेवढेच मिळतात, आणि हे तासन्‌तास. बंद पडलेली गाडी दुरुस्त करायची नाही, सरळ ढकलून चारीत टाकायची. पायी चालणाऱ्या पलटणींना रस्त्यावर पाय ठेवायची बंदी, त्यांनी शेतातून जायचं. आठवड्याला ९० हजार माणसं आणि ५० हजार टन माल या एका रस्त्याने गेलाय.

तोफा आणि सेनापती सगळ्यांना माहीत असतात. त्या फावडेवाल्यांनी व्हर्दून वाचवलं असं मी म्हणेन, आणि त्यांचं नाव कोणाला माहीत नाही. रस्त्याला नंतर पवित्र मार्ग असं नाव पडलं, ते मात्र अगदी योग्य पडलं.

सह्याद्रीची_लेक :
मुक्ता, तू दुओमों बघितलास, पण व्हो किल्ल्यात गेलीस का? नसशील तर पुढच्या वेळी नक्की जा. मी तीन वर्षांपूर्वी गेले होते आणि तिथल्या एका अरुंद बोळात उभी राहिले होते ते आठवलं की अजून घशाला कोरड पडते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जर्मन किल्ल्याच्या छतावर चढले होते आणि आत मेजर रेनालची माणसं, अडीचशेच्या जागेत सहाशेच्या आसपास, कारण बाहेरच्या तुकड्यांतली जखमी, भरकटलेली माणसंही आत आली होती. रेनाल स्वतः आधीच्या जखमांमुळे काठी घेऊन चालायचा. पुढचे दिवस लढाई आतल्या बोळांमध्ये, काळोखात, वाळूच्या पोत्यांच्या आडून, एकेका हाताच्या अंतरासाठी. वरून ज्वाळा आणि धूर सोडलेला. आणि मग कळलं की पाण्याच्या टाकीचा मोजपट्टा चुकीचा होता, टाकीत पाणी जवळजवळ नाहीच. माणसं भिंतींवरचा ओलावा चाटायला लागली. बोळ हाताने चाचपून बघितला मी, भिंत अजून ओली असते.

४ जूनला रेनालने शेवटचं कबूतर सोडलं. चिठ्ठीत होतं की आम्ही अजून टिकून आहोत, पण वायू आणि धुराचा फार घातक मारा होतोय, लवकर सोडवा, हे माझं शेवटचं कबूतर आहे. धुराने अर्धमेलं झालेलं ते पाखरू व्हर्दूनला पोचलं. मदतीसाठी आलेली माणसं मात्र किल्ल्यापर्यंत पोचू शकली नाहीत. ७ जूनला रेनाल शरण आला, आणि जर्मन युवराजाने त्याला सन्मान म्हणून तलवार दिली. त्या कबुतराची पाटी किल्ल्यावर आहे, मुलाला दाखव.

बेळगावकर_सुभेदार :
मुक्ताताईंनी फ्रेंच आजींचं लिहिलं म्हणून मला माझ्या पणजोबांची आठवण झाली. व्हर्दूनला आपलं सैन्य नव्हतं, हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीसच फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे हलवलं होतं. पण व्हर्दून पेटलं त्याच महिन्यांत इराकमध्ये कुतला तुर्कांनी वेढा घातला होता, १४७ दिवस, आणि आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा बटालियन होत्या. २९ एप्रिल १९१६ ला, म्हणजे तिकडे मोर ओमसाठी मारामारी चालू असताना, कुत शरण गेलं. उपासमारीने. वेढा फोडायला बाहेरून केलेल्या हल्ल्यांत २३ हजारांच्या आसपास माणसं पडली, तीही खंदकांपुढच्या चिखलात.

पणजोबा ११० मध्ये होते. कैदेतून परत आले, पण आजोबा सांगायचे की घरात ताटात भाकरीचा तुकडा राहिलेला त्यांना चालायचा नाही, स्वतः उचलून खायचे, आणि युद्धाबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. आमच्या गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजीतली दगडी पाटी आहे, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले आणि इतके मेले. नावं नाहीत, फक्त आकडे. अशा पाट्या आपल्याकडे बऱ्याच गावांत आहेत. फ्रान्समध्ये निदान गावागावात नावं कोरलेली आहेत, हे बघितलं की बरं वाटतं आणि वाईटही.

मातीवाली :
मी मृदाशास्त्र शिकते, तर जमिनीबद्दल थोडं. मुक्ताताई, तुम्ही जे जंगल बघितलं ते जुनं जंगल नाहीये. युद्धानंतर फ्रेंच सरकारने सगळ्यात बरबाद झालेल्या पट्ट्याला लाल विभाग ठरवलं, तिथे परत शेती नाही आणि वस्तीही नाही. मग तिथे मुद्दाम झाडं लावली. त्याआधी त्यातला बराचसा भाग शेतांचा आणि गावांचा होता. नऊ गावं पुसली गेली, त्यातली सहा परत कधीच वसली नाहीत. पण फ्रान्सने ती कागदावरून काढून टाकली नाहीत, त्या गावांना आजही महापौर आहे. रहिवासी एकही नाही, मतदार नाहीत, म्हणून महापौर सरकार नेमतं, आणि त्याचं काम म्हणजे गावाची आठवण सांभाळणं. फ्लरी नावाचं गाव तर १९१६ च्या उन्हाळ्यात सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं. आज तिथे झाडांत पायवाटा आहेत आणि पाट्या आहेत, इथे बेकरी होती, इथे लोहार, इथे शाळा.

आणि एक जागा मला विसरता येत नाही. व्हर्दूनजवळच्या जंगलात १९२८ मध्ये उरलेले सुमारे २ लाख रासायनिक तोफगोळे एका ठिकाणी नेऊन जाळले. तिथल्या मातीत आर्सेनिक आणि जड धातू इतके उतरलेत की भोवती दाट जंगल आणि मधे काळपट मोकळा तुकडा, त्यावर तग धरून राहणारं थोडं शेवाळ आणि गवत, बस. अजूनही शेतात, जंगलात न फुटलेले गोळे निघतात आणि सरकारी पथकं येऊन ते गोळा करतात. म्हणून पायवाट सोडून जंगलात शिरू नका, मुलाला तर अजिबात सोडू नका.

शिलेदार_७१ :
ताईंचा दुसरा प्रश्न राहिला. फ्रेंच व्हर्दूनचं नाव वेगळं का घेतात? याचं उत्तर पेतांच्या एका नियमात आहे. जर्मनांनी तुकड्या आघाडीवरच ठेवल्या आणि त्यांच्यात नवीन माणसं भरत राहिले. पेतांने उलट केलं, एक डिव्हिजन थोडे दिवस त्या भट्टीत ठेवायची, मोडायच्या आत बाहेर काढायची आणि दुसरी आणायची, रहाटाच्या पोहऱ्यांसारखं. त्यांचा शब्दही रहाटाचाच आहे, नोरिया. त्यामुळे फ्रेंच सैन्याचा सत्तर टक्क्यांच्या वर भाग कधी ना कधी व्हर्दूनला जाऊन आला. ब्रिटानीचा कोळी, दक्षिणेतला द्राक्षबागवाला, पॅरिसचा कारकून, सगळे. म्हणून तुमच्या शेजारच्या आजींसारखं तिथे घरोघर कोणीतरी असतं.

त्याच पेतांने १९४० मध्ये हिटलरशी हातमिळवणी केलेल्या सरकारचं प्रमुखपद घेतलं. लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकला तो व्हर्दूनमुळेच. व्हर्दूनच्या नावाची ही बाजू मला फार खुपते.

आणि अनामिक सैनिक, म्हणजे ओळख न पटलेल्या सगळ्यांच्या वतीने ज्याला सन्मानाने पुरलं तो. १० नोव्हेंबर १९२० ला व्हर्दूनच्या भुईकोटात आठ शवपेट्या ओळीने ठेवल्या होत्या, आघाडीच्या वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या. त्यातली एक निवडायला ओग्युस्त तां नावाचा एक साधा तरुण शिपाई उभा केला. त्याची रेजिमेंट १३२ वी. त्याने मनात १, ३ आणि २ ची बेरीज केली आणि सहाव्या पेटीवर फुलं ठेवली. पॅरिसला आर्क द त्रियोंफ या विजयकमानीच्या खाली जो आहे तो हाच.

मुक्ता_मेट्झ :
सगळ्यांचे मनापासून आभार. बेळगावकरदादा, तुमच्या पणजोबांचं वाचून मी बराच वेळ पुढे काही वाचू शकले नाही.

काल रात्री मुलाला बसवून सांगितलं. आधी १९८४ चा तो फोटो दाखवला, अस्थिगृहासमोर तेव्हाचे फ्रेंच राष्ट्राध्यक्ष मित्तराँ आणि जर्मन चान्सलर कोल हातात हात घेऊन उभे आहेत तो. सांगितलं की कोलचे वडील पहिल्या युद्धात इथल्याच भागात लढले होते आणि मित्तराँ दुसऱ्या युद्धात व्हर्दूनजवळच जखमी झाले होते. मग म्हटलं, खिडकीतले फ्रेंच कुठले आणि जर्मन कुठले ते कोणालाच सांगता येत नाही रे, ज्यांनी गोळा केले त्यांनाही नाही आलं, म्हणून सगळ्यांना एकत्र ठेवलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, त्यांच्या आईला कळलं का ते कुठे आहेत? मी खरं ते सांगितलं, नाही कळलं.

वसंतात परत जाणार आहोत. या वेळी बार-ल-द्युककडून, त्याच रस्त्याने, आणि व्हो किल्ल्यात पण जाऊ.

खडी_डांबर :
मुक्ताताई, त्या रस्त्याला दर किलोमीटरला दगड आहेत आणि दगडाच्या डोक्यावर फ्रेंच शिपायाचं शिरस्त्राण आहे. जमलं तर एखाद्या दगडाचा फोटो इथे टाका, रस्त्याची कडही दिसेल असा. ती माणसं फावडं घेऊन कुठे उभी राहात असतील ते मला बघायचंय.